सज्ज्याखाली उभे राहून

आमच्या वाड्याच्या सज्ज्यावर मी जन्मापासून उभा आहे. पण तो सज्जा स्वतः कशावर उभा आहे, हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मी कधी पाहिले नव्हते. यात काही जगावेगळे झाले असे मला वाटत नाही. आपण ज्या पाटावर जेवायला बसतो, त्याच्याखाली कोणी डोकावून पाहते का? ज्या खाटेवर निजतो, तिचे पाय कोणी हलवून पाहते का? ज्याच्यावर रोज भार टाकायचा त्याची चौकशी म्हणून करायची नाही, हा संसाराचा जुनाच नियम आहे. वडिलांची प्रकृती, बायकोची कंबर आणि घराचे लाकूड या तिन्ही गोष्टी कुरकुरेपर्यंत ठीकच असतात, असे आपण धरून चालतो.

आमचा वाडा पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. पणजोबांनी बांधलेला. खाली काळ्या दगडाचे जोते, वर मातीत बांधलेली विटांची भिंत, आणि पहिल्या मजल्यापुढे रस्त्यावर झुकलेला सोळा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा सागवानी सज्जा. आजच्या मुलांना सज्जा म्हटले की फ्लॅटची गॅलरी आठवते. पण गॅलरीत माणसे कपडे वाळत घालतात. सज्ज्यात माणसे आयुष्य काढतात. माझे वडील सकाळचे वर्तमानपत्र तिथे वाचीत आणि वाचलेल्या बातमीवरचे आपले मत समोरच्या सज्ज्यातल्या आप्पांना तिथूनच ऐकवीत. माझा मॅट्रिकचा निकाल साऱ्या आळीला कळला तो सज्ज्यातूनच. गोदावरीला पूर आला, की ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले’, ‘आता गळ्याशी आले’ अशी वर्दी रस्त्यावरून जाणारी पोरे देत आणि सज्ज्यातल्या बायका ती घराघरांत पोचवीत. चैत्रात कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, त्या दिवशी तर सज्ज्यावर पाय ठेवायला जागा नसते. आमची माणसे, भाडेकरूंची माणसे, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांबरोबर आलेली, कोणालाच नीटशी ठाऊक नसलेली माणसे! एका वर्षी मी मोजली तेव्हा एकतीस भरली होती. ‘आमच्या सज्ज्यावर एकतीस माणसे मावतात’ ही गोष्ट मी पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत असे.

त्या अभिमानाला पहिला धक्का बसला तो २०२४ च्या दिवाळीत, आणि तोही सातासमुद्रापलीकडून.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. फोनवर फराळाची, थंडीची बोलणी झाली आणि मग ती सहज म्हणाली, “बाबा, आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या बाल्कन्या तपासताहेत. भिंतीला बारीक भोक पाडून आत कॅमेरा घालून लाकूड बघतात.”

मला हसू आले. म्हटले, “काय गं, तुमच्या त्या नव्याकोऱ्या घरांना काय धाड भरली आहे?”

त्यावर तिने जे सांगितले, ते ऐकून माझे हसू मावळले. कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी १६ जून २०१५ च्या रात्री एका विद्यार्थिनीचा एकविसावा वाढदिवस होता. मुले बाल्कनीत जमली होती. बाल्कनी भिंतीपासून तुटली. तेरा जण खाली गेले आणि त्यांतले सहा दगावले. इमारत धड दहा वर्षांचीही नव्हती. पण बाल्कनीच्या लाकडांत पाणी मुरून ती आतल्या आत कुजली होती. त्यानंतर त्या राज्याने कायदेच केले. लाकडाच्या आधारावर उभ्या असलेल्या बाल्कन्या आणि उंचावरचे जिने, भाड्याच्या इमारतींत दर सहा वर्षांनी आणि मालकीच्या फ्लॅटांच्या सोसायट्यांत दर नऊ वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचे. मुलगी म्हणाली, “शिकागोतही २००३ साली असंच झालं होतं, बाबा. पार्टी चालू असताना लाकडी सज्जे एकावर एक कोसळले. तेरा जण गेले.” आणि मग क्षणभर थांबून तिने विचारले, “आपल्या सज्ज्याचं कधी कोणी पाहिलंय का हो?”

मी म्हटले, “आपलं सागवान आहे, बाई. जुनं, पिकलेलं. तुमच्यासारखं खोक्याचं लाकूड नाही ते!”

फोन ठेवला, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. राहून राहून एकच गोष्ट मनात येत होती. वाढदिवस, पार्टी, आणि आमच्याकडे रथ! सज्जा वर्षभर एक तुळशीची कुंडी आणि एक म्हातारा माणूस सांभाळतो, आणि नेमका आनंदाच्या दिवशी त्याच्यावर सारे गोत येऊन उभे राहते. म्हणजे तो पडायचाच असला, तर रिकामा कशाला पडेल? सणाच्याच दिवशी पडेल.

सकाळी मी आमच्या जुन्या मिस्त्रींना निरोप धाडला. त्यांच्या वडिलांनी आमच्या घरातला देव्हारा केलेला. स्वतःही आता सत्तरीला टेकलेले; पण नजर अजून रंध्याच्या पात्यासारखी. बरोबर त्यांनी फार काही आणले नव्हते. एक टोचा, एक लहान हातोडी, ओळंबा आणि एक विजेरी, एवढाच सरंजाम. कॅमेऱ्याची गोष्ट ऐकून बसलेला मी, थोडा निराशच झालो.

मी त्यांना जिन्याने वर न्यायला निघालो, तर ते म्हणाले, “वर काय आहे बघायला, नाना? चला, खाली चला.”

आणि अशा रीतीने मी प्रथमच आमच्या सज्ज्याखाली, मान वर करून, पाहण्यासाठी म्हणून उभा राहिलो. आजवर त्याच्याखालून हजारो वेळा गेलो असेन, पावसात आडोशालाही थांबलो असेन. पण मान वर केली नव्हती. मिस्त्रींनी मला सज्ज्याची रचना समजावून सांगितली. माडीच्या खोलीच्या नऊ कड्या भिंतीतून आरपार बाहेर आल्या आहेत. त्यांच्यावर पाट ठोकले आहेत. खालून कोरीव हस्तांचा आधार आहे, पण खरा भार पेलतात त्या या कड्या. “माणूस खिडकीतून हात बाहेर काढून ताट धरतो ना, तसं आहे हे,” ते म्हणाले. “ताट पडतं ते बोटांमुळं नाही पडत, खांदा निखळला म्हणजे पडतं.”

मग त्यांनी हातोडीने कडीच्या बाहेरच्या टोकावर टकटक केली. आवाज खणखणीत आला. माझा चेहरा खुलला. मग ते शिडी सरकवून भिंतीजवळ गेले, जिथे कडी भिंतीत शिरते तिथे. तिथे आवाज आला तो ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. त्यांनी टोचा लावला आणि जरासा दाबला. कडीच्या मधल्या भागात जो टोचा नखभरही शिरला नव्हता, तो इथे दोन बोटे आत गेला. आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला तपकिरी भुगा होता. नऊपैकी पाच कड्यांची ही गत होती. एकीवर वाळवीने मातीची नळी चढवली होती. तीवर मी दोन वर्षांपूर्वी स्वतः उभे राहून चॉकलेटी तैलरंग मारून घेतला होता.

“पाणी कुठं जातं, नाना?” मिस्त्रींनी शिडीवरूनच विचारले.

त्या प्रश्नाने मला एकदम छत्तीस वर्षे मागे नेले. कारण हाच प्रश्न, याच शब्दांत, मला आणखी एका माणसाने विचारला होता.

१९८८ साली मी एकतीस वर्षांचा होतो. नोकरीत कायम झालो होतो आणि घरात काहीतरी सुधारणा केल्याशिवाय मला चैन पडत नव्हते. सज्ज्याच्या पाटांतून धूळ पडते, धुता येत नाही, अशी घरातल्या बायकांची तक्रार होती. मी पाटांवर सिमेंटचा कोबा घालून त्यावर शहाबादी फरशी बसवून घेतली. वडील त्या वेळी म्हणाले होते, “लाकडावर दगड घालतोयस, पण पाणी कुठे जाणार?” मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले होते, “बाहेर!” वडील पुढे काही बोलले नाहीत. मुलगा कमवता झाला, की वडिलांचे बरेच प्रश्न असे अर्ध्यावरच थांबतात.

पाणी बाहेर गेले नव्हते. फरशी आणि भिंत यांच्या सांध्याला काही वर्षांत केसाएवढी फट पडली. त्या फटीतून पावसाचे, फरशी धुतल्याचे आणि तुळशीला घातलेले पाणी रोज थोडे थोडे खाली उतरत राहिले. पूर्वी उघड्या पाटांवर पाणी पडे आणि वाऱ्याने वाळून जाई. आता वरून दगड आणि खालून तैलरंग. मध्ये सापडलेल्या लाकडाला श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

लाकूड म्हातारपणाने मरत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. कार्ल्याच्या लेण्यात आपण सगळेच सहलीला जातो. तिथल्या चैत्यगृहाच्या छताखाली लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि अजून जागच्या जागी आहेत. त्यांना कोणी रंग दिला नाही, पॉलिश केले नाही. त्या कोरड्या राहिल्या, एवढेच. लाकूड कुजवणारी बुरशी ओलीवर जगते. लाकडातला ओलावा त्याच्या वजनाच्या शेकडा वीसच्या आत राहिला, तर तिला वाढता येत नाही. सागाच्या गाभ्याला तर वाळवीही सहसा तोंड लावीत नाही. पण त्यालाही वर्षानुवर्षे ओले बोळकांडे करून बसवले, तर तो तरी काय करील? पणजोबांच्या सागवानाला काही झाले नव्हते. नातवाच्या नातवाने नव्हे, खुद्द पणतवानेच, म्हणजे मीच, त्याचा घात केला होता.

मिस्त्री खाली उतरून चहा घेत असताना मी हिशेब मांडला. कोबा आणि फरशी मिळून चौरस फुटाला सुमारे पंधरा किलो. सज्जा छप्पन्न चौरस फुटांचा. म्हणजे आठशे चाळीस किलो! साठ किलोचा एक माणूस धरला, तर चौदा माणसे. गेली छत्तीस वर्षे आमच्या सज्ज्यावर चौदा अदृश्य माणसे रात्रंदिवस उभी होती. आणि त्यांच्यावर रथाच्या दिवशी मी आणखी एकतीस चढवून, वर ती संख्या लोकांना अभिमानाने सांगत होतो.

आता एवढे कळल्यावर पुढची वाट सरळ होती, असे वाचकांना वाटेल. पण वाड्यात राहिलेल्या माणसाला ठाऊक असते, की वाड्यातले कुजलेले लाकूड बदलणे सोपे असते. त्याच्याभोवतीची माणसे अवघड.

सज्ज्याला लागून असलेल्या माडीच्या खोलीत आमच्या भाडेकरू काकू राहतात. १९५९ साली लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यामुळे साऱ्या आळीचा नाना झालेलो मी, त्यांना अजून ‘बाळ’ आहे. काका जाऊन बरीच वर्षे झाली. मिस्त्रींचे काम त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळी त्यांनी मला बोलावले, समोर बसवले आणि शांतपणे विचारले, “बाळ, हे तपासणं म्हणजे मला बाहेर काढायचं निमित्त आहे ना? तसं असेल तर आधी सांग. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बांधाबांध करायला वेळ लागतो.”

मी “छे, छे! भलतंच काय!” असे म्हटले खरे, पण माझे मला ते उत्तर पुरेसे ठणठणीत वाटले नाही. टोचा लावला असता, तर तोही दोन बोटे आत गेला असता. कारण वर्षभरापूर्वी एक दलाल माझ्याकडे येऊन गेला होता. चहा पिता पिता तो म्हणाला होता, “नाना, तुम्ही काहीच करू नका. दुरुस्ती करू नका, काही नाही. वाडा धोकादायक ठरू द्या. महापालिकेची नोटीस येऊ द्या. जागा आपोआप मोकळी होईल.” मी त्याला वाटेला लावले होते. पण त्यानंतर मिस्त्रींना बोलवायचे म्हणता म्हणता जो एक पावसाळा मी जाऊ दिला, तो निव्वळ आळसानेच का, याचे उत्तर मी स्वतःला कधी दिले नव्हते. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखाददुसऱ्या वाड्याची भिंत बसल्याची बातमी येते. आपण पाण्याला दोष देतो. पण पाण्याला वाट करून देणारे हात पुष्कळदा घरातलेच असतात. आणि काही न करणे हेही त्या हातांचे एक कामच असते.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, दुरुस्तीसाठी भाडेकरूला जागा सोडावी लागली तर दुरुस्तीनंतर तीच जागा परत मिळण्याची तरतूद आहे, असे त्यांनी दाखवले. मी त्याप्रमाणे कागद करून त्यावर सही केली आणि काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, देवाच्या पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, “आता तपासा काय तपासायचं ते. आणि खरं सांगू? दोन पावसाळे झाले, दाराजवळ पाय ठेवला की फरशी दबल्यासारखी लागते.”

“मग काकू, बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तू तपासलं असतंस ना!”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घराचा धोका सगळ्यांत आधी ज्याला कळतो, त्यालाच तो बोलून दाखवायची सगळ्यांत जास्त भीती वाटत असेल, तर ओळंबा आणि टोचा काय कामाचे? पहिली तपासणी लाकडाची नव्हेच. घरातल्या माणसाला ‘इथे दबते’ असे निर्भयपणे म्हणता येते की नाही, याची ती तपासणी.

मग इंजिनियर आले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे, तीस वर्षे पुरी झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत इंजिनियराकडून करून घेणे बंधनकारक आहे, हे मला त्यांनीच सांगितले. आमचा वाडा तीस वर्षांचा झाला तेव्हा माझे आजोबाही लहान असतील! तरुण गृहस्थ, पण मिस्त्रींनी जिथे जिथे खडूने फुली मारली होती, तिथे तिथे त्यांनीही मान हलवली. बोलता बोलता ते म्हणाले, “घराच्या खोलीचा मजला करताना चौरस मीटरला दोनशे किलो भार धरतात, बाल्कनीला मात्र तीनशे.” मी विचारले, “बाल्कनीला जास्त का?” ते हसले. म्हणाले, “खोलीत कपाटं असतात. बाल्कनीत माणसं गर्दी करतात.”

कठड्याकडे पाहून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आमचा कठडा अडीच फुटांचा. पूर्वीची माणसे सज्ज्यात बैठक घालून बसत, त्यांना तो पुरे होई. आम्ही उभे राहून त्यावर रेलतो, आणि तो मांडीशी येतो. त्याचे गजही वरच्या पट्टीत नुसते खिळ्यांवर अडकलेले, आणि खिळे गंजून सुईसारखे झालेले. त्यांनी हाताने कठडा ढकलला तेव्हा तो गुलाबाच्या फांदीसारखा डोलला. सौ. मागून म्हणाली, “आणि याच्यावर आपण नातवंडाला बसवून फोटो काढला होता!” मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

अहवाल आला: सज्जा वाचवता येईल, पण तोवर वापर बंद. खालून सागाचे टेकू लागले. माडीच्या दाराला आडणा बसला. आता पैशांचा प्रश्न. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अकरा नावे आहेत. मी दहा जणांना पत्रे धाडली. चौघांची उत्तरे आली. एकाने ‘विकून टाकू’ असे लिहिले, तिघांनी आपापला वाटा पाठवला. बाकीच्यांनी मौन पाळले. सामायिक मालमत्तेचा हा स्वभावच आहे. जे सगळ्यांचे असते, ते कुजताना कोणाचेच नसते.

२०२५ चा चैत्र आला. रथाच्या दिवशी दरसालप्रमाणे पाहुणे जमले आणि माडीचा आडणा पाहून खट्टू झाले. “एक दिवसाने काय होतंय? आजवर काही झालं नाही ना?” असे एक मेहुणे म्हणाले. हेच वाक्य मीही आयुष्यभर म्हणत आलो होतो. त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. मी सगळ्यांना खाली ओट्यावर बसवले. काकूंना खुर्ची दिली. टेकूंमधून वाट काढीत पोरे पुढे सरसावली.

रथ आला. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकीत, उलटे चालत होते. वरून इतकी वर्षे आम्हांला त्यांचे पागोटे दिसे. पावले आज दिसली. काकूंनी हात जोडले ते किती तरी वेळ सोडलेच नाहीत. रथ पुढे गेल्यावर म्हणाल्या, “बाळ, पासष्ट वर्षं झाली, मी रथाचा कळसच बघत आले रे. आज मूर्तीचं तोंड दिसलं.”

वैशाखात काम निघाले. काकू मागच्या खालच्या खोलीत राहायला आल्या. कोबा आणि फरशी फोडून काढली, तेव्हा ती चौदा अदृश्य माणसे टेम्पोत भरून गेली. पाच कड्या नव्या सागवानाच्या बसल्या. भिंतीत जिथे कडी शिरते, तिथे तिच्याखाली दगडाची बैठक केली आणि भोवती बोटभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे टोकाला वारा लागेल. पाटांना बाहेरच्या बाजूला उतार दिला, वरच्या पाखाडीला पत्र्याची पन्हळ लावली. भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला; कारण जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवले, की तिच्या आतली ओल आतच कोंडते. पणजोबांचा कठडा तसाच ठेवून आतून साडेतीन फुटांचा दुसरा बसवला, तोही बोल्ट आवळून. जुन्या चार कड्या जागच्या जागी राहिल्या. त्यांच्यावरचा रंग काढल्यावर आतून जो सोनेरी साग निघाला, तो पाहून मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पावसाची पहिली मोठी सर आली त्या रात्री मी विजेरी घेऊन सज्ज्याखाली जाऊन उभा राहिलो. सौ.ने वरून विचारले, “काय करताय भिजत?” म्हटले, “पाणी कुठे जातं ते पाहतोय.” पाणी पन्हळीतून रस्त्यावर जात होते. भिंतीजवळ कडी कोरडी होती.

ज्यांचा वाडा नाही, सिमेंटचा फ्लॅट आहे, त्यांनी ही गोष्ट आपली नव्हे असे समजू नये. तुमच्याही बाल्कनीचा भार भिंतीजवळच तोलला जातो. फरक एवढाच, की लाकडाऐवजी तिथे लोखंडी सळ्या आहेत, आणि त्या स्लॅबच्या वरच्या अंगाला, नेमक्या फरशीखाली आहेत. फरशीवर दुसरी फरशी, तिच्यावर मातीने भरलेल्या कुंड्यांची रांग, बाहेर ग्रिल आणि त्यात पाण्याची टाकी, असा संसार आपण तिच्यावर मांडतो. भिंतीलगत लांबच लांब भेग दिसली, खालून गंजाचे डाग उतरले, गिलावा पोपटासारखा फुगला, पाणी काढायची नळी तुंबून बाल्कनीत तळे साचू लागले, तर रंगाऱ्याला बोलावू नका. आधी खाली जाऊन मान वर करून पाहा, आणि मग जाणत्या माणसाला बोलवा.

आमच्याकडे आता एक नवा कुळाचार सुरू झाला आहे. पावसाळा संपला, की खंडेनवमी येते. घरोघर हत्यारांची पूजा होते. यंदा मी मिस्त्रींकडून एक टोचा मागून घेतला. विळी, कात्री आणि माझे जुने पेन यांच्या शेजारी तो पाटावर मांडला, त्याला हळदकुंकू वाहिले, आणि मग तोच घेऊन शिडी लावून नऊच्या नऊ कड्या तपासल्या. शिडी धरायला काकूंचा नातू होता. प्रत्येक कडीपाशी तो वर पाहून विचारी, “लागलं का आजोबा, आत गेलं का?” मी म्हणे, “नाही रे.” आणि तो वहीत तारीख घालून लिही. वहीचे पहिले पान भरले आहे. पुढची पाने त्याने भरायची आहेत.

या दिवाळीला मुलगी येत आहे, मुलांना घेऊन. सज्ज्यावर पणत्या लागतील. काकूंची तुळस पुन्हा तिच्या कोपऱ्यात गेली आहे, खाली ताटली ठेवून. दारावर मी एक पाटी लावली आहे: ‘एका वेळी दहा माणसे.’ तिच्यावरून आळीत माझी पुरेशी थट्टा झाली आहे. समोरच्या आप्पांचा मुलगा म्हणाला, “नाना, ही काय लिफ्ट आहे का?” मी म्हटले, “नाही. पण मला तुम्ही सगळे हवे आहात.”

काल संध्याकाळी तोच आपल्या सज्ज्याखाली, मान वर करून, बराच वेळ उभा असलेला मला दिसला. मी काही बोललो नाही. टोचा तेवढा पाठवून दिला.